तोंड धूसर, ओळखपत्र स्पष्ट

निरू,

तुझ्या शोकसभेत तुझं तोंड दिसलं नाही. तू गेलास म्हणून नव्हे, फोटोतही दिसलं नाही. दीड माणूस उंचीच्या पडद्यावर तू उभा होतास. गळ्यातल्या पट्ट्याला लटकलेलं कंपनीचं ओळखपत्र इतकं लख्ख होतं की मागच्या रांगेतूनही त्यावरचं चिन्ह ओळखता येत होतं. त्याच्या वर, खांद्यांपासून, तू विरघळत गेला होतास. केसांच्या जागी एक काळा ढग. कमरेखाली पुन्हा तेच. शुभ्राने माझा हात दाबला. "दीदी, ओर मुख कोथाय?" तिला नवऱ्याचं तोंड कुठे गेलं ते हवं होतं. मी काय सांगणार?

सांगायला निवेदिका होती. मोत्यांचा सर, थरथरता आवाज, हातात कंपनीच्या रंगाची कार्डं. ती म्हणाली की निरंजनला निरंजनच्याच नजरेतून पाहण्याचा हा एक नम्र प्रयत्न आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात हे मला तुमच्या कंपनीच्या सेक्टर फाइव्हमध्ये कळलं. आमंत्रणात तिला शोकसभा म्हटलेलंच नव्हतं म्हणा. 'जीवनाचा उत्सव' म्हटलं होतं, आणि पांढरं नेसून या अशी सूचना होती. मी मातकट साडीत गेले, कारण तीच इस्त्री केलेली होती. दारातल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मयताची सख्खी बहीण आहे हे कळल्यावर तिने मला माफ केलं.

मला रडू आलं नाही, निरू. किळस आली. बाहेरून तो निव्वळ बावळटपणा दिसेल, पण नेमकी हीच चूक टाळण्यासाठी तू किती डोकं फोडलं होतंस ते मला माहीत होतं. तुझ्या खात्यातली दोन-चार माणसं पहिल्या रांगेत बसली होती. त्यांनाही माहीत होतं. ती आपापल्या बुटांकडे बघत होती.

तूच मला शिकवलं होतंस. तुमच्या कंपनीच्या त्या कॉम्प्युटरवरच्या राज्याच्या खेळात, जिथे खेळणारा वरून बघत गावं वसवतो आणि सैन्यं पाठवतो, सगळं राज्य टेबलावर मांडलेल्या खेळण्यांसारखं दिसायला हवं होतं. त्याची एक स्वस्त युक्ती आहे. पडद्याचा वरचा पट्टा पुसट करायचा, खालचा पुसट करायचा, मधला स्पष्ट ठेवायचा, रंग जरा भडक करायचे. झालं खेळणं. पण त्यात मधोमध एखादं उंच देऊळ आलं की त्याचा पाया स्पष्ट राहतो आणि शिखर पुसट होतं. पाया आणि शिखर बघणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात, तरीही. "शिखर कापलं जातं, ताई," तू म्हणायचास, जणू कोणी खरंच करवत चालवली आहे. म्हणून तू पडद्याचे पट्टे टाकून दिलेस आणि प्रत्येक वस्तू डोळ्यापासून किती लांब आहे हे मोजून त्याप्रमाणे धूसरपणा ठरवलास. त्यात कितीतरी महिने गेले. आणि मग त्याच लोकांनी, तुझ्याच सभेत, तुलाच त्या स्वस्त पट्ट्यांत घालून तुझं शिखर कापलं. ओळखपत्र मात्र वाचलं. ते बरोबर मध्यभागी होतं.

तुझ्या मोठ्या साहेबांचं भाषण तू चुकवलंस, तेवढ्यापुरतं तुझं मरण सोयीचं झालं. ते म्हणाले, निरंजन गेला नाही, तो फक्त वरच्या पातळीवर गेला. थोडे थांबले. विनोद पोचला का ते पाहिलं. मग म्हणाले, निरंजनने आम्हाला जगाकडे वरून, प्रेमाने बघायला शिकवलं.

वरून! निरू, तू असतास तर उठून गेला असतास.

आपण किल्ला करायचो तेव्हाही तुला वरून बघायचं नसायचं. बराकपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दिवाळीला किल्ला करणारं आपलं एकच घर. सगळीकडे कालीपूजेची गडबड, आणि आपल्या अंगणात गंगेकाठच्या चिकणमातीचा एक ओला डोंगर. मावळे तिथे कुठले मिळायला? रथाच्या जत्रेत घेतलेल्या मातीच्या बाहुल्या होत्या, त्याच तैनात व्हायच्या. त्यामुळे आपल्या गडाच्या महादरवाजावर एक मासेवाली पहारा द्यायची, बुरुजावर छत्रीवाला बाबू असायचा, आणि बाबांनी पुण्याहून आणलेले महाराज त्या मासेवालीच्या कमरेपर्यंत यायचे. शेजारच्या काकिमा येऊन हात जोडायच्या. "एटा कोन ठाकुर?" हा कुठला देव? आई सांगायची, देव नाही, राजा आहे. "ओ, राजा," म्हणून त्या तरीही नमस्कार करून जायच्या.

मी उभी राहून आज्ञा द्यायचे, इथे पूल कर, तिथे अळीव पेर. तू पोटावर आडवा. हनुवटी मातीला टेकलेली, एक डोळा मिटलेला. "ताई, इथून बघ. इथून मासेवाली खरी वाटते." मी कधी आडवी झाले नाही. फ्रॉक मळला असता. शिवाय गडावर हुकूम देणारं कोणीतरी लागतंच.

म्हणून तू ही वरून बघायची करामत पहिल्यांदा दाखवलीस तेव्हा मी भांडले. बालीगंजच्या तुमच्या इमारतीची गच्ची, तू, मी, शुभ्रा, आणि तुमची लेक तुली पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली. तू फोनवर खालच्या रस्त्याचा फोटो काढलास, त्यावर काहीतरी केलंस, आणि समोर धरलास. पिवळी टॅक्सी डबीतून काढल्यासारखी. फळवाल्याची गाडी, त्यावर मण्यांएवढी संत्री. रस्ता ओलांडणारा धोतरातला माणूस नखाएवढा.

"की मिष्टी!" शुभ्रा म्हणाली.

"तेच तर," मी म्हटलं. "गोड. आत्ता त्या धोतरवाल्याला बसने उडवलं तरी गोडच दिसेल."

"तुला कुठेही प्रेत सापडतं गं."

"इतिहास शिकवते. त्यात दुसरं काय सापडतं?"

तू हसलास, पण सोडलं नाहीस. माझा चष्मा काढून घेतलास, त्याची काडी माझ्या डोळ्यासमोर धरलीस. "हिच्याकडे बघ. मागचं सगळं पुसट झालं ना? लांबचं बघताना असं होत नाही. डोळ्याला अशी पुसट कड दिसली की त्याला वाटतं, आपण नाक टेकून बघतोय. मी माणसं लहान करत नाहीये, ताई. बघणाऱ्याला जवळ नेतोय."

"जवळ नेऊन त्याच्या हातात देतोस काय? सैन्य."

तू फोन खिशात घातलास. मग तुलीला टाकीवरून उतरवण्याच्या निमित्ताने निघून गेलास. तुझी ही सवय जुनी. उत्तर नसलं की तुला एकदम कोणाची तरी काळजी वाटू लागायची.

मला त्या दिवशी वाटलं होतं, आजही वाटतं, की हे जग इतकी वर्षं ज्यांनी बिघडवलं त्या सगळ्यांकडे तुझी ही करामत आधीपासूनच होती. कोणाकडे सज्जा, कोणाकडे हत्तीवरची अंबारी, आता हेलिकॉप्टर. खाली पूर आलेला असतो आणि खिडकीतून बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ममता असते. मला त्या ममतेची शिसारी आहे. खेळण्यांवर माया करणं सोपं असतं. ती मोडली की नवी आणता येतात.

पुढच्या हिवाळ्यात तू मला मुद्दाम बोलावलंस. "बस इथे. बोलू नकोस." पडद्यावर नदीकाठचं गाव, टेबलावरच्या खेळण्यासारखं. देवळाचं शिखर टोकापर्यंत रेखीव. इवले शिपाई किंचित अडखळत चाललेले, जणू कोणी हाताने पुढे सरकवतंय. मग तू कॅमेरा खाली आणायला लागलास. कौलांच्या खाली, झाडांच्या खाली. आणि जसजसा तो उतरत गेला तसतशी ती पुसट कड विरत गेली, भडक रंग उतरले, अडखळणं थांबलं. जमिनीला टेकलो तेव्हा समोर माणसाएवढा माणूस होता. तो वहाणेचा बंद बांधत होता. जमेना म्हणून पुन्हा बांधत होता. पलीकडे एक बाई कोणाला तरी हाका मारत होती. मघाशी वरून तूच या गावाच्या सैन्याला पुढे जायचा हुकूम दिला होतास. हा त्यातलाच एक होता.

"आता सोड कुठे सोडायचंय ते सैन्य," तू म्हणालास.

मी म्हटलं, "बरं आहे."

"शुभ्रा, ऐकलंस? 'बरं आहे' म्हणाली! हिच्या शाळेत एवढ्यावर पोरी पेढे वाटतात."

तेव्हा एवढंच म्हटलं. आता सांगते. त्या दिवसापासून माझ्या सॉल्ट लेकच्या खिडकीतून खाली पत्ते कुटणारी माणसं दिसली की मी थांबते. ती मोठी होण्याची वाट बघते. त्यातला एक हरला की खिशातली कंगवी काढून केस विंचरतो, हे मला इतकी वर्षं त्याच खिडकीत बसून दिसलं नव्हतं. हे तुझं देणं आहे. मला आता वरून नीट बघवत नाही. वयाच्या या टप्प्यावर ही मोठीच गैरसोय आहे, आणि ती केल्याबद्दल मी तुझी आभारी आहे.

पण तुमच्या साहेबांची गैरसोय झाली ना. त्यांनी माणसं बसवून खेळ खेळवून पाहिला. ती एकदा खाली उतरायची, पुन्हा वर जायची, आणि त्यानंतर लढाई करताना रेंगाळायची. काहींनी तर खेळच ठेवून दिला. मजा जाते, म्हणाली. मग ठरलं की कॅमेऱ्याने छपरांच्या खाली यायचं नाही. वरचं गोड राहू दे, खालचं काढा. तू मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज सपाट होता.

"त्यांनी जमीन काढून घेतली, ताई."

"मग नोकरी सोड."

"शिखर तरी नीट ठेवून घेतलंय."

"निरू, शिखराचं काय घेऊन बसलास? त्यांना पहिल्यापासून तेवढंच हवं होतं. तुझ्या करामतीचा स्वभावच तो आहे. तू खालून त्याला ठिगळ लावत होतास."

"असं नाहीये ते."

"मग कसं आहे?"

"फोनवर नाही सांगता येत. रविवारी ये, भांडू."

शनिवारी तू गेलास. त्यामुळे ते कसं आहे हे मला कळलेलं नाही. लोक मला विचारतात, भावाशी शेवटचं बोलणं काय झालं? त्यांना काहीतरी हळवं हवं असतं. मी सांगते, आम्ही भांडणाची वेळ ठरवली.

आपल्या मराठी मंडळानेही तुला सोडलं नाही. अध्यक्षांनी श्रद्धांजलीत बंगभूमीवर मराठी झेंडा वगैरे रोवला, तू सिनेमाचे कॅमेरे बनवायचास असं सांगितलं, आणि तुझ्या स्मृतीसाठी किल्ले स्पर्धेला फिरता चषक जाहीर केला. तू मंडळाची वर्गणी चुकवायला कोणकोणती कारणं सांगायचास ते मला आठवत होतं. पण या लोकांचा मला राग नाही आला. त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं. किळस यायला समोरच्याला माहीत असावं लागतं.

ज्यांना माहीत होतं ते मागच्या आठवड्यात बालीगंजला घरी आले. तुझे मोठे साहेब, सोबत निवेदिकेच्याच वयाची एक मुलगी, तिच्या हातात नकुडच्या दुकानातल्या संदेश मिठाईचा मोठा खोका. साहेबांनी तुझ्या फोटोसमोर डोळे मिटले, योग्य तेवढा वेळ. मग मुद्द्यावर आले. खेळ बाजारात यायला तयार आहे. त्यातल्या कॅमेऱ्याला तुझं नाव द्यायचं ठरलंय. 'निरंजन कॅमेरा'. खेळ उघडला की पहिल्या पडद्यावर नाव झळकेल, जगभर. शुभ्राची फक्त सही हवी.

खरं सांगायचं तर ही बातमी फोनवरून आधीच कळली होती, आणि तुलीला ते नाव हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तिचा जीव त्यात अडकला होता. तू गेल्यापासून ती धड जेवत नव्हती, पण या बातमीनंतर आपणहून ताटावर बसली. "आत्या, माझ्या क्लासची सगळी मुलं तो गेम खेळणार. सगळ्यांना बाबाचं नाव दिसणार." तिचं मराठी तुला माहीत आहे, अर्धं तुझं, अर्धं बंगाली, पण हे वाक्य तिने न अडखळता म्हटलं. वर्गातल्या पोरांना तिने सांगूनही टाकलं होतं. म्हणून शुभ्राने सही करायचं ठरवलं होतं. मला विचारलं, तर मी म्हटलं, तुमचं घर, तुमचा निर्णय. माझ्या तोंडात शिव्या होत्या. पण मुलगी जेवत होती.

साहेबांनी लॅपटॉप उघडून तुलीसमोर ठेवला. "देखो बेटा, पापा का कैमरा."

नदी दिसली. गाव दिसलं. खेळण्यातलं, गोड. देवळाचं शिखर रेखीव होतं, तेवढं त्यांनी ठेवलं होतं. तुलीने माउस घेतला. आधी हसली. हिला तू लहानपणापासून मांडीवर बसवून हे दाखवत आला होतास, हे ते विसरले असावेत, किंवा त्यांना कधी माहीतच नसेल. ती सरळ कॅमेरा खाली आणायला लागली. छपरांशी तो थांबला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबला. दुसऱ्या गावावर नेलं, तिथून खाली आणला, तिथेही थांबला.

"नीचे नहीं जा रहा," ती म्हणाली.

"हाँ बेटा, वो हमने हटा दिया. नीचे कुछ है नहीं. असली मजा ऊपर से है."

"नीचे लोग हैं."

"अरे, वो तो छोटे छोटे हैं," साहेब हसून म्हणाले. त्यांना वाटलं, लहान मुलीशी बोलायचं ते असंच.

तुलीने माउस ठेवून दिला. तिचं तोंड तुझ्यासारखं झालं. गच्चीवरून निघून गेला होतास तेव्हाच्या तुझ्यासारखं, पण ती कोणाच्या काळजीने उठून गेली नाही. बसून राहिली. शुभ्राच्या हातात पेन होतं. साहेबांच्या सोबतच्या मुलीने सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं होतं.

"अंकल," तुली म्हणाली, "इसको आप अपना नाम दे दीजिए."

तिला टोमणा मारायचा नव्हता. ज्याची वस्तू त्याला परत करावी तशी ती म्हणाली. म्हणूनच तो इतका लागला. साहेब पुन्हा हसायला गेले, पण हसू अर्ध्यात राहिलं. त्यांनी शुभ्राकडे पाहिलं. मुलांचं काय, मोठ्यांनी समजून घ्यायचं, अशा अर्थाचं काहीसं पुटपुटले. तुझी बायको, निरू, जिला मी लग्नात भारीच मऊ म्हटलं होतं, तिने पेनाला टोपण लावलं.

"मेये बोलछे ना," ती म्हणाली. "नाम देबेन ना." मुलगी नाही म्हणतेय. नाव देऊ नका.

साहेबांनी मग माझ्याकडे पाहिलं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे बघतात तसं. मी म्हटलं, मी मयताची बहीण, माझा काही हक्क नाही. इतकं आनंदाने मी कधीच हक्क सोडला नव्हता.

ते गेले. खेळ येणारच आहे, हे ते दारातून सांगून गेले, आणि ते खरं आहे. तू घडवलेलं गोड जग हजारो लोक वरून बघतील, आत सैन्यं सोडतील, आणि ते कोणी केलं हे कोणालाही कळणार नाही. तू केलेलं सगळं त्यांच्याकडे राहिलं. आपल्याकडे फक्त नाव राहिलं. सौदा म्हणून पाहिलं तर हा मूर्खपणाच.

दार लागलं तशी तुली उठून तिच्या खोलीत गेली, आतून कडी लावली आणि रडू लागली. तू गेलास तेव्हाही अशी रडली नव्हती. ते नाव तिला फार हवं होतं, निरू. आता शाळेत जाऊन सांगायचं होतं की ते येणार नाही. मी वर्गात कित्येक थोरांच्या त्यागांबद्दल शिकवत आले. त्यातल्या एकालाही नंतर असं रडताना कोणी लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे मला आता त्यांच्याविषयी जरा शंका येऊ लागली आहे.

शुभ्रा बंद दाराशी उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. "दीदी, आमरा भूल कोरलाम?" आपण चुकलो का?

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

तेव्हा आतून आवाज आला. रडणं थांबलं नव्हतं, कडी निघाली नव्हती, पण आवाज स्पष्ट होता.

"नाही."

एवढंच तुला कळवायचं होतं.

तुझी,
ताई